ताबा आहे, मालकी कुठे आहे?

दर रविवारी वंदना आटोपली की उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या व्हरांड्यात आम्ही टेबल टाकून बसतो. कोणी पेन्शनचा कागद आणतो, कोणी पोटगीची तारीख विचारतो. पण गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त माणसे येतात ती घराचे कागद घेऊन. हे कागद दुरूनच ओळखू येतात. प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात रबर लावलेली फाईल, आणि फाईल वर्षानुवर्षे पेटीत कपड्यांच्या तळाशी राहिल्यामुळे तिला डांबरगोळीचा वास.

असेच एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आले. वय सत्तरीच्या पुढे. १९९४ मध्ये त्यांनी शहराच्या कडेला एका लेआउटमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. दर महिन्याला किस्त भरली. किस्तीचे कार्ड अजून जपून ठेवलेले आहे. पुढे बायकोच्या अंगावरचे सोने मोडून दोन खोल्या बांधल्या, मुलींची लग्ने त्याच अंगणात केली. फाईलमध्ये इसारपत्र होते, ताबापत्र होते, लेआउटचा नकाशा होता, कराच्या पावत्या आणि विजेची बिले होती. आम्ही विचारले, "काका, विक्रीपत्र कुठे आहे?" त्यांनी इसारपत्रावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हेच त आहे न साहेब. पैसे त पूर्ण देले आम्ही."

मग त्यांनी पिशवीतून एका बँकेची नोटीस काढली. ती त्यांच्या दारावर पस्तीस दिवसांपूर्वी चिकटवली होती. घरच्यांना वाटले, कराची असेल. नोटिशीत लिहिले होते की लेआउटच्या मालकाने संपूर्ण जमीन बँकेकडे गहाण ठेवून कर्ज घेतले, ते थकले, म्हणून बँकेने जमिनीचा प्रतीकात्मक ताबा घेतला आहे. काकांनी बँकेचा एक रुपया कधी घेतला नव्हता. त्या बँकेची पायरीसुद्धा चढले नव्हते. तरी त्यांच्या दारावर बँकेचे नाव लागले होते.

हे कसे झाले, हे आज आम्हाला वाचकांपुढे मांडायचे आहे. कारण हा एका घराचा प्रश्न नाही. नागपुरातल्या आंबेडकरी वस्त्यांमधली किती घरे अशाच पिशवीवर उभी आहेत, याची कल्पना रविवारच्या टेबलावर बसल्याशिवाय येत नाही.

आमच्या माणसाला जमीन सहजासहजी मिळालेली नाही. गावात मालगुजाराची जमीन, शहरात मिलच्या चाळीची खोली, अशीच दोन-तीन पिढ्यांची स्थिती होती. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण तिच्याबरोबर आमच्या नावावर जमीन आली असे झाले नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर शिक्षणाने नोकऱ्या आल्या. रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ, कोळसा खाणी, ऑर्डनन्स फॅक्टरी येथे लागलेल्या पहिल्या पिढीने आपल्या कमाईतून पहिली वस्तू घेतली ती प्लॉट. नारा, नारी, वाठोडा, हुडकेश्वर, मानेवाडा या मौजांमधली शेते त्या काळात लेआउट होत होती. शेतकरी शेत देत होता, लेआउट टाकणारा चुन्याच्या रेघा मारत होता आणि आमची माणसे किस्तीवर प्लॉट घेत होती. त्यातले असंख्य लेआउट मंजुरीविनाच पडले. नागपूरकर आजही ज्यांना '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' म्हणतात, ते याच इतिहासाचे आकडे आहेत.

लेआउट मंजूर नव्हता हा एक दोष. त्याविषयी खूप बोलले गेले. २००१ मध्ये गुंठेवारी विकास कायदा आला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढली. नागपूर सुधार प्रन्यासच्या खिडकीवर रांगा लागल्या, लोकांनी पैसे भरले, आर.एल. मिळवली. चांगले झाले. पण आर.एल. हातात आली म्हणजे मालकी आली, अशी जी समजूत पसरली ती घातक आहे. नियमितीकरण सांगते की हा भूखंड नियोजनाच्या दृष्टीने चालण्यासारखा आहे. ज्याने तुम्हाला तो विकला त्याचा तो होता का, आणि त्याच्यावर कोणाचे देणे होते का, हे नियमितीकरण सांगत नाही. हा दुसरा दोष. तो दिसत नाही म्हणून जास्त भयंकर आहे.

म्हणून प्रत्येक कागद काय बोलतो आणि काय बोलत नाही, हे आधी समजून घेऊ.

इसारपत्र म्हणजे विकण्याचा करार. मी तुला विकीन, एवढेच त्यात असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचे कलम ५४ स्वच्छ सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही, आणि नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. करार पाळायला लावण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. पण त्याला तीन वर्षांची मुदत आहे. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे, आणि तारीख ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे. आमची माणसे तीस वर्षे थांबतात, कारण विकणारा भला माणूस असतो, भेटला की "करून देऊ न काका" म्हणतो.

आममुखत्यारपत्र हा दुसरा कागद. मालकाने दलालाला मुखत्यार केले, दलालाने प्लॉट दिला, सोबत ताबापत्र आणि शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात निर्णय दिला की विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी जात नाही. मुखत्यार हा मालकाचा हात आहे. त्या हाताने नोंदणीकृत विक्रीपत्र केले तर ते चालते. पण मुखत्यारपत्र हेच विक्रीपत्र होत नाही.

सातबारा आणि आखीव पत्रिका हे महसुली अभिलेख आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तरी हे कागद निरुपयोगी नाहीत. उलट खरेदीदाराने सर्वांत आधी तेच वाचावेत. का, ते पुढे येईलच. कराची पावती आणि विजेचे बिल मात्र इतकेच सांगतात की येथे राहणाऱ्याने पैसे भरले.

आणि नोंदणीकृत विक्रीपत्र? तेही डोळे मिटून ठेवण्यासारखे नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मुद्रांक तपासतो, माणसाची ओळख घेतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे की नाही, हे ठरवणे त्याचे कामच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्यात पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचे प्रकरण गाजले. अभिलेखात सरकारचे नाव असलेल्या या जमिनीचा ३०० कोटींचा दस्त मुखत्यारपत्राच्या आधारे नोंदला गेल्याचे पुढे आले आणि नोंदणी खात्यातल्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली. त्यातल्या दोषींचा निवाडा न्यायालय करील. आम्ही त्यातून एवढेच घ्यावे की नोंदणीचा शिक्का म्हणजे मालकीची हमी नव्हे. आपल्या देशात सरकार मालकीची हमी देतच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स पद्धत आहे, तिथे सरकारी नोंदवहीत नाव आले की तोच मालक. आपल्याकडे मालकी ही साखळी आहे. आजच्या विक्रेत्याने कोणाकडून घेतली, त्याने कोणाकडून, अशी एकेक कडी मागे तपासत निदान तीस वर्षे जावे लागते. एक कडी तुटलेली असेल तर पुढच्या सर्व कड्या लोंबकळतात.

आता बोजाकडे वळू. मालक खरा आहे, साखळी पूर्ण आहे, तरी मिळकत स्वच्छ असेलच असे नाही. बोजा म्हणजे दुसऱ्याचे देणे मिळकतीच्या पाठीवर बसलेले असणे. लोक समजतात की कर्ज माणसावर असते, माणूस गेला की ते त्याच्याबरोबर गेले. साध्या उसनवारीचे तसे असेल. पण तारण दिलेले कर्ज जमिनीला चिकटते. जमीन विकली तर ते नव्या मालकाकडे जाते, मालक मेला तर वारसाकडे. बैल विकला तरी पाठीवरची गोणी न उतरवता विकला, तर नव्या धन्याच्या गोठ्यात गोणीसह येतो. गोणी कोणाची, हे नंतर विचारून उपयोग नसतो.

बोजाचे प्रकार अनेक आहेत. नोंदणीकृत गहाणखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या शोधात सापडते. हक्काचे मूळ कागद बँकेत नेऊन ठेवले की होणारे गहाण मात्र पूर्वी कुठेच दिसत नसे. कारण त्याला नोंदणी लागत नव्हती. २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते, आणि २०११ पासून बँकांच्या तारणांची 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही आहे. ती शुल्क भरून कोणालाही पाहता येते. शिवाय जमीन महसूल हा सर्वांत वरचा बोजा आहे, त्याखाली महानगरपालिकेचा मालमत्ता कर. विकणाऱ्याने दहा वर्षे कर भरला नसेल तर वसुलीला माणूस तुमच्या दारात येणार. न्यायालयाने दाव्यात मिळकत जप्त केली असेल तर जप्तीनंतरची खासगी विक्री जप्ती करणाऱ्याच्या हक्कापुरती निरर्थक ठरते. नझूलच्या किंवा प्रन्यासच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर थकलेले भूभाटक असते, पट्ट्याच्या अटी असतात, आणि पट्टा देणाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेले हस्तांतर अडकते. झोपडपट्टीतल्या पट्ट्यांचेही तसेच. पट्टा मिळाला म्हणून पेढे वाटण्याआधी त्याच्या मागच्या पानावरच्या अटी वाचाव्यात.

काकांच्या प्रकरणात काय झाले होते? आम्ही त्या जमिनीचा सातबारा काढला. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचे नाव कित्येक वर्षांपासून होते. लेआउटच्या मालकाने १९९४ मध्ये प्लॉट दिले, किस्ती घेतल्या, पण विक्रीपत्रे करून दिली नाहीत. त्यामुळे कायद्याच्या नजरेत जमीन त्याचीच राहिली. पुढे दहा-बारा वर्षांनी त्याने ती गहाण टाकली. १९९४-९५ मध्येच विक्रीपत्र नोंदले गेले असते तर हे गहाण काकांच्या प्लॉटला शिवू शकले नसते. कारण जे आधीच विकले ते नंतर गहाण टाकता येत नाही. सारा अनर्थ त्या न झालेल्या विक्रीपत्राचा आहे. बोजा नंतर आला, पण त्याला शिरायला दार मालकीतल्या उणिवेने उघडे ठेवले होते. म्हणून आम्ही म्हणतो, मालकी आणि बोजा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एक कच्चा राहिला की दुसरा आत येतो.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी दावा न करता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. कर्जदाराला आधी ६० दिवसांची नोटीस जाते. ती लेआउटच्या मालकाकडे गेली. त्याने ती कोणाला दाखवली नाही. ताब्याच्या नोटिशीनंतर कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात, आणि कर्जदारच नव्हे तर ज्याला झळ लागते अशा कोणालाही जाता येते. पस्तीस दिवस गेले होते. उरलेल्या दहा दिवसांत आम्ही अर्ज दाखल केला. आमचे म्हणणे असे की ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला आहे असे कायदा धरतो. कर्ज देताना बँकेचा माणूस जमिनीवर आला असता तर त्याला मोकळी जमीन नव्हे, घरे, तुळया, वाळत घातलेले कपडे दिसले असते. त्याने एकाही दारावर थाप मारून विचारले नाही. ताबा म्हणजे मालकी नव्हे, पण ताबा म्हणजे शून्यही नव्हे. प्रकरण चालू आहे. निकाल काय लागेल, हे आज आम्ही सांगू शकत नाही. काकांना रात्री झोप लागत नाही, हे मात्र सांगू शकतो.

सगळा दोष लेआउटवाल्यांवर आणि बँकांवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. आपल्या घरातही बोजा तयार होतो. बाप मेला की भाऊ तलाठ्याकडे जाऊन आपली नावे चढवतात आणि बहिणींना सांगतात, "तुझं सासर आहे न." हिंदू वारसा कायदा १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता मेलेल्या पुरुषाच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. म्हाताऱ्या आजीचा हिस्सा असतो, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. बहिणीने हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. राखीच्या दिवशी नोटरीपुढे घेतलेली सही चालत नाही. ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी हिंदू कोड बिल आणले आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांची तसबीर असलेल्या घरात बहिणीचे नाव सातबारावर नसावे, यापेक्षा लाजिरवाणे काय? आणि हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. बहिणीची सही नसलेली मिळकत घेणारा तिचा दावासुद्धा विकत घेतो.

दुसरा घरगुती बोजा सावकारीचा. मुलाच्या ऑपरेशनला, लग्नाला पैसे हवेत. देणारा म्हणतो, गहाणखत कशाला, साधे विक्रीपत्र करून दे, पैसे परत केलेस की मी उलटे करून देईन. कायद्यात अशा सशर्त विक्रीला गहाण मानण्याची सोय आहे, पण परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असली तर. तोंडी अट, वेगळ्या चिठ्ठीवरची अट पुरत नाही. वेगळ्या वाटेने, म्हणजे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली, अवैध सावकाराने बळकावलेल्या स्थावर मिळकतीसाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. पण पुरावा गोळा करता करता घर गेलेले असते. गहाण ठेवायचेच तर गहाणखत करा. गहाण सोडवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. विक्रीपत्र केले की तो हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने देऊन टाकता.

आणि तिसरी गोष्ट बोलताना आम्हाला संकोच वाटतो, पण बोलतो. आमची विहारे कोणाच्या जागेवर आहेत? कित्येक विहारे लेआउटच्या मोकळ्या जागेवर, सार्वजनिक उपयोगाच्या भूखंडावर उभी आहेत. काही एखाद्या उपासकाने तोंडी दिलेल्या जागेवर आहेत, आणि त्याची मुले आता भाव विचारू लागली आहेत. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. नागपुरात त्यावरून नोटिसा निघाल्या, आंदोलने झाली. दानपत्र नोंदलेले नाही, विश्वस्त संस्थेची नोंदणी नाही, जागेसाठी प्रन्यासकडे किंवा महापालिकेकडे रीतसर अर्ज नाही, आणि नोटीस आली की मोर्चा. मोर्चा काढावा लागला तर आम्हीही पुढे असू. पण मोर्चाच्या फाईलमध्ये एक तरी धड कागद असावा, एवढी अपेक्षा चूक आहे काय?

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, वकीलसाहेब, हा मध्यमवर्गाचा विषय झाला. ज्याला राहायला झोपडी नाही त्याला तुम्ही सर्च रिपोर्ट सांगता. आमचे उत्तर असे की श्रीमंताला मालकी गमावणे परवडते, त्याच्याकडे दुसरे घर असते, दुसरा वकील असतो. आमच्या माणसाची उभ्या आयुष्याची पुंजी एकाच प्लॉटमध्ये असते. त्याच्यासाठी कागद ही चैन नाही. काही जण म्हणतात, आपल्या माणसाकडूनच घेतले, जयभीम म्हणून व्यवहार झाला, कागद मागणे म्हणजे अविश्वास. याच विश्वासावर दलाल जगतात. त्यांच्यात आपलेही आहेत. एकच प्लॉट दोघातिघांना विकणाऱ्यांच्या तक्रारी नागपुरात इतक्या वाढल्या की २०१७ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी पोलिसांना विशेष तपास पथक नेमावे लागले. तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ कोणी सांगतो म्हणून, केवळ तो आपला आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. हे दुःखमुक्तीच्या मार्गाला लागू असेल तर तीस बाय पन्नासच्या प्लॉटला का लागू नसावे?

आणि आमच्या काळ्या कोटवाल्यांनाही दोन शब्द. बसल्या जागी, शोध न घेता सर्च रिपोर्ट लिहिणारे आमच्यात आहेत. ज्याच्या भरवशावर एखादे कुटुंब आयुष्याची कमाई लावते, तो अहवाल निबंधकाच्या वह्या न चाळता लिहिणे हा अपराध आहे, मग तो कोणत्या कलमात बसो वा न बसो.

तेव्हा करायचे काय? जो नवे घर घेतो आहे त्याने बयाणा देण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात. ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढावी, विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स घेऊ नये, आणि 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. तीस वर्षांचा शोध निबंधक कार्यालयात घ्यावा, अलीकडच्या नोंदी ऑनलाइनही दिसतात. मूळ दस्त पाहण्याचा आग्रह धरावा. मूळ दस्त नाहीत, हरवले, भावाकडे आहेत, असे उत्तर आले की ते बँकेत असू शकतात हे समजावे. जुने कर्ज फेडले म्हणत असेल तर बँकेचा बेबाकी दाखला आणि नोंदणीकृत मुक्तिपत्र मागावे. करपावती पाहावी. सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. जागेवर जाऊन राहणाऱ्याला विचारावे, तू कोणाच्या हक्काने राहतोस? फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरचे बोजे पाहावेत. २०१६ च्या रेरा कायद्याने करार झाल्यावर विकासकाने तो फ्लॅट गहाण टाकला तरी ग्राहकाच्या हक्काला बाध येत नाही, आणि मालकीतील दोषामुळे नुकसान झाले तर भरपाईला मुदतीची आडकाठी नाही. मात्र हा लाभ नोंदलेल्या प्रकल्पात आणि नोंदलेल्या करारालाच सहज मिळतो.

आणि ज्याच्याकडे काकांसारखी पिशवी आहे त्याने ती आज उघडावी. विकणारा जिवंत आहे तोवर विक्रीपत्र करून घ्यावे. तो मेला असेल तर त्याचे वारस शोधावेत. लेआउटमध्ये शंभर प्लॉट असतील तर शंभर जणांनी एकत्र जावे. एकट्याला "उद्या या" म्हणणारा मालक शंभर जणांना ते म्हणत नाही.

चळवळीकडे आमची मागणी आहे की प्रत्येक वस्तीतल्या विहारात महिन्यातून एक रविवार कागदांसाठी राखावा. त्याला निधी लागत नाही. एक टेबल, एक निवृत्त तलाठी किंवा निबंधक कार्यालयातला कर्मचारी, एक तरुण वकील आणि इंटरनेट जोडलेला मोबाईल पुरतो. सरकारकडे मागणी अशी की गुंठेवारीचे पैसे घेता तर त्याच छावणीत जुन्या इसारपत्रांची विक्रीपत्रे होण्याची सोय करा, मूळ मालकांना बोलवा, मुद्रांकात सवलत द्या. नियमितीकरण शुल्क घेऊन मालकीचा प्रश्न अधांतरी ठेवणे म्हणजे छपराचे पैसे घेऊन भिंती न बांधणे होय.

गेल्या रविवारी काका पुन्हा आले होते. त्यांच्या मागे त्याच लेआउटमधली सहा-सात माणसे होती, प्रत्येकाच्या हातात पिशवी. काकांनी त्यांना टेबलापाशी बसवले आणि म्हणाले, "साहेब, यायच्या दारावर अजून नोटीस नाही लागली. पहिले यायचे कागद पाहा." आम्ही पहिली पिशवी उघडली. आत इसारपत्र होते. साल १९९६.